नाळेची पेटी

आमच्याकडे मूल जन्मलं की नाळ आणि वार पुरतात. मालवणच्या किनाऱ्याला लागून असलेल्या आमच्या गाबीत वाडीत ती घरामागच्या परड्यात, माडाच्या मुळाशी जायची. खड्डा हातभर खोल हवा, कुत्र्याने उकरता कामा नये, वर दगड ठेवायचा. हे काम माझ्या आजीचं, कारण ती वाडीची सुईण होती. कुठल्या माडाखाली कोणाची नाळ आहे हे तिला तोंडपाठ होतं. जमिनीवरून भावाभावांत वाद पेटला की कोणीतरी छातीवर हात मारून म्हणायचंच, "माझी नाळ हयसर पुरलेली आसा!" तो आमचा सातबारा.

मी नर्स झाले. तेहतीस वर्षं बाळंतपणं केली. दवाखान्यात वार पिवळ्या पिशवीत जाते आणि पिशवी जाळायला जाते. त्यात गैर काही नाही, पण त्या पिशवीला गाठ मारताना आजीची आठवण यायची एवढं खरं.

जपानात नाळ पुरत नाहीत, ठेवतात. बाळाच्या बेंबीवर राहिलेला तुकडा सुकून गळून पडला की तो कापसात किंवा कागदात गुंडाळून छोट्या लाकडी पेटीत घालतात, नाव आणि जन्मतारीख लिहितात आणि पेटी कपाटात जपतात. लग्न होऊन घर सोडणाऱ्या मुलीला ती सोबत देतात, कुठे माणसाबरोबर शेवटच्या प्रवासालाही पाठवतात. ही रीत मला मिनामाताचा इतिहास वाचताना कळली. त्या गावच्या आया खरं बोलत होत्या आणि डॉक्टर चुकत होते, हे पुढे या पेट्यांनी सिद्ध केलं. मला सांगायचं आहे ते एवढ्याचबद्दल.

क्यूशू बेटाच्या पश्चिमेला, कुमामोतो प्रांताच्या दक्षिण टोकाला मिनामाता आहे. समोरचा शिरानुई समुद्र बेटांनी वेढलेला, म्हणून शांत. लाट इतकी कमी की किनाऱ्यावरची घरं पाण्याला टेकलेली. मासे मारणारी आणि डोंगरउतारावर थोडी रताळी लावणारी ही माणसं. बायका आणि पोरं ओहोटीला खडकांवर शिंपले वेचायला जायची. आमच्या बायका कालवं काढायला कोयता घेऊन जातात तशीच. मी ती वर्णनं वाचली तेव्हा मला वेगळा देश असा वाटलाच नाही.

१९०८ मध्ये तिथे निप्पोन चिस्सो ही कंपनी आली. चिस्सो म्हणजे नायट्रोजन. आधी खत, मग रसायनं. १९३२ पासून ती अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवू लागली, आणि ती क्रिया घडवून आणायला पाऱ्याचं सल्फेट वापरत होती. तो द्राव खाडीत जायचा. मासेमारांच्या तक्रारी त्याहून जुन्या होत्या. १९२६ मध्येच कंपनीने त्यांना थोडे पैसे दिले होते आणि पुन्हा तक्रार करणार नाही असं लिहून घेतलं होतं. गावातल्या चौथाई नोकऱ्या पुढे या कारखान्यातच होत्या आणि नगरपालिकेच्या कराचा अर्ध्याहून मोठा वाटा तिथून येत होता. अशा गावात कारखान्याविरुद्ध बोलणाऱ्याची बाजू शेजारीसुद्धा घेत नाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती बहुतेक ठिकाणी चुकीची सांगितली जाते. साधा पारा समुद्रात पडला आणि गाळातल्या जिवाणूंनी हळूहळू त्याचा मिथिल पारा केला, असं अनेक जागी घडतं. मिनामातात मात्र मिथिल पारा कारखान्याच्या भांड्यातच तयार होत होता आणि तसाच बाहेर पडत होता. १९५१ मध्ये त्या क्रियेतला मॅंगनीजचा एक घटक बदलला, आणि त्यानंतर विषाचं प्रमाण वाढलं.

आधी मांजरं गेली. मासेमाराच्या घरी मांजर लागतंच, नाहीतर उंदीर जाळी कुरतडतात. ही मांजरं गरगर फिरू लागली, भिंतींवर आदळू लागली, समुद्रात पडून मेली. लोक त्याला मांजरांचा नाच म्हणत. कावळे उडता उडता खाली पडत.

२१ एप्रिल १९५६ ला पाच वर्षांची एक मुलगी कारखान्याच्याच दवाखान्यात आणली. तिला चालता येत नव्हतं, बोलणं तुटत होतं, झटके येत होते. दोन दिवसांनी तिच्या धाकट्या बहिणीला तेच सुरू झालं. आईने सांगितलं की शेजारच्या घरातही एक मूल असंच आहे. दवाखान्याचे प्रमुख होसोकावा हाजिमे यांनी घरं पालथी घातली आणि १ मे रोजी आरोग्य केंद्राला कळवलं की मज्जासंस्थेचा एक अज्ञात आजार पसरतो आहे. त्या वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत चाळीस रुग्ण सापडले होते, चौदा मेले होते.

आधी संसर्ग वाटला. घरांवर जंतुनाशक फवारलं, रुग्णांना वेगळं ठेवलं. दुकानदार त्यांच्या घरच्यांचे पैसे हाताने घेईनात. मी कुष्ठरोग्यांच्या बायकांची बाळंतपणं केली आहेत, त्यामुळे हातात न घेतलेले पैसे म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायला नको.

१९५७ च्या वसंतात आरोग्य केंद्राचे प्रमुख इतो हासुओ यांनी खाडीतली मासळी मांजरांना खाऊ घातली. थोड्याच दिवसांत मांजरं नाचू लागली. म्हणजे मासळीत दोष आहे, हे त्याच वर्षी कळलं होतं. प्रांताने केंद्रीय आरोग्य खात्याला विचारलं की अन्न कायद्याखाली खाडीतली मासेमारी बंद करू का. सप्टेंबरमध्ये उत्तर आलं की खाडीतला प्रत्येक मासा विषारी आहे असा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून कायदा लावता येणार नाही. मी सरकारी नोकरी केली आहे, अशी पत्रं हाताळली आहेत. त्यांच्या भाषेत राग नसतो, अपमान नसतो, फक्त एक अट असते, आणि ती अट कोणालाच पुरी करता येत नाही. या पत्रानंतर लोक तीच मासळी खात राहिले. दुसरं खायला काय होतं?

विषाचं नाव सापडायला आणखी दोन वर्षं गेली. इंग्लंडात बियाण्यांना लावायचं पाऱ्याचं औषध बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना काय झालं, हे हंटर, बॉम्फर्ड आणि रसेल या डॉक्टरांनी १९४० मध्ये लिहून ठेवलं होतं. हातापायांची बधिरता, तोल जाणं, बोबडी वळणं, आणि नजर दोन्ही बाजूंनी आकसून नळीतून पाहिल्यासारखी होणं. कुमामोतो विद्यापीठाच्या डॉक्टरांना मिनामाताच्या रुग्णांत तेच दिसलं. जुलै १९५९ मध्ये त्यांनी सेंद्रिय पारा हे कारण जाहीर केलं. ह्याक्केन बंदराच्या सांडपाण्याच्या तोंडाशी एक टन गाळात दोन किलो पारा निघाला. रुग्णांच्या केसांत दर दहा लाख भागांत ७०५ पर्यंत पारा मिळाला, बाहेरच्या माणसांत तो चारेक होता. पुढच्या एक-दोन वर्षांत गोशोउरा बेटावरच्या एका बाईच्या केसांत ९२० निघाला.

त्याआधीच, सप्टेंबर १९५८ मध्ये, कंपनीने सांडपाण्याचं तोंड बंदरातून काढून नदीच्या मुखाकडे वळवलं होतं. त्यामुळे जी गावं तोवर वाचली होती तिथेही माणसं आजारी पडली.

होसोकावा कंपनीचे पगारी डॉक्टर होते. १९५९ मध्ये त्यांनी थेट अ‍ॅसिटाल्डिहाइडचं सांडपाणी मांजराच्या अन्नावर घालायला सुरुवात केली. त्या मांजराचा क्रमांक ४००. ऑक्टोबरमध्ये ते नाचू लागलं. वरिष्ठांनी प्रयोग थांबवायला सांगितला आणि निकाल बाहेर गेला नाही. डिसेंबरमध्ये कंपनीने थाटात शुद्धीकरण यंत्र बसवलं. अध्यक्षांनी त्यातलं म्हणून पाणी सर्वांसमोर पिऊन दाखवलं. ते यंत्र सेंद्रिय पारा काढण्यासाठी बांधलेलंच नव्हतं. वर्षाच्या शेवटच्या दिवसांत, घरात सणाला पैसा नसताना, रुग्णांच्या कुटुंबांनी 'सहानुभूतीच्या रकमे'च्या करारावर सह्या केल्या. मेलेल्या माणसामागे तीन लाख येन. पुढे कारण कारखानाच आहे असं ठरलं तरी जास्त मागणार नाही, असं कलम त्यात होतं.

होसोकावांबद्दल माझं मन अजून ठरत नाही. अकरा वर्षं ते गप्प राहिले. जुलै १९७० मध्ये, फुप्फुसाच्या कर्करोगाने खाटेला खिळलेले असताना, त्यांनी मांजर क्रमांक ४०० बद्दल न्यायालयासाठी साक्ष दिली आणि ऑक्टोबरमध्ये वारले. त्या अकरा वर्षांपैकी पहिली आठ-नऊ वर्षं कारखान्याचं पाणी समुद्रात जातच होतं. मी नोकरीत असताना ज्या गोष्टींवर गप्प राहिले त्या इतक्या मोठ्या नव्हत्या, पण गप्प कसं राहिलं जातं ते मला ठाऊक आहे.

आता आयांकडे येते.

१९५५ च्या सुमारापासून त्या किनाऱ्यावर अशी बाळं जन्मत होती की ज्यांची मान धरत नव्हती, चोखता येत नव्हतं, हातपाय वाकडे होत होते. डॉक्टर म्हणाले, सेरेब्रल पाल्सी. कारण उघड होतं. मिनामाताचा आजार मासे खाल्ल्याने होतो, या मुलांनी तर मासा तोंडात घातलेला नाही. आणि आईच्या पोटातून? ते शक्य नाही, वार विष अडवते. हे तेव्हा जगभरच्या पुस्तकांत होतं. सत्तरच्या दशकात मी शिकले तेव्हा आमच्या शिकवणीतही वार म्हणजे गाळणी असंच होतं, आणि मी ते पुढे कितीतरी बायकांना तितक्याच खात्रीने सांगितलं. "घाबरू नको, बाळाची वार राखण करते."

१९६१ मध्ये कुमामोतोचे तरुण डॉक्टर हारादा मासाझुमी एका घरी गेले. ओसरीवर दोन भाऊ होते, दोघांची लक्षणं सारखी. त्यांनी आईला विचारलं. ती म्हणाली की थोरल्याला मिनामाताचा आजार आहे, धाकट्याला नाही, तो जन्मतः असा आहे, असं डॉक्टरांनीच सांगितलं. का? तर त्याने मासे खाल्ले नाहीत. पण मासे मी खाल्ले, ती म्हणाली. मी खाल्लेलं त्याच्याकडे गेलं. आणि त्याच वर्षी जन्मलेली या वस्तीतली इतर मुलं जाऊन पाहा, असंही तिने सांगितलं. हारादांनी नंतर आयुष्यभर हा प्रसंग सांगितला. मुलं तपासायची कशी ते त्यांना त्या बाईने शिकवलं.

ते घरोघर गेले. त्या दोन वर्षांत यांपैकी दोन मुली मेल्या, शवविच्छेदनात मेंदू पाऱ्याने झिजलेला निघाला. नोव्हेंबर १९६२ मध्ये सोळा मुलांना जन्मजात मिनामाता आजार असल्याचं मान्य झालं.

आज आपल्याला माहीत आहे की वार मिथिल पाऱ्याला अडवत नाही, उलट ओढून घेते. हा पारा शरीरात सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाला चिकटतो आणि जोडीने मेथिओनीनसारखा दिसू लागतो. मेथिओनीन बाळाला वाढीसाठी हवंच असतं, म्हणून वार दार उघडते. बाळाच्या रक्तात तो आईपेक्षा दीडपट-पावणेदोनपट साठतो. म्हणूनच अनेक आयांच्या बोटांना नुसत्या मुंग्या येत होत्या आणि त्यांच्या मांडीवरचं मूल मान उचलत नव्हतं. पोराने माझं विष स्वतःवर घेतलं, असं तिथल्या बायका म्हणत. काही घरांत अशा मुलाला रत्न म्हणायचे, कारण त्याच्यामुळे आई आणि पुढची भावंडं वाचली. ही भाबडी समजूत आहे असं कोणाला वाटेल. शरीरशास्त्राने पाहिलं तर तीत तथ्य आहे.

आणि एक गोष्ट, सुईणीच्या नातीला चटकन दिसणारी. १९५५ ते १९५९ मध्ये मिनामातात जन्मलेल्या बाळांत मुलगे कमी होते. हा हिशोब कितीतरी वर्षांनी, जन्मनोंदी चाळून मांडला गेला. न जन्मलेल्यांची मोजणी दुसरी कशी करणार?

पण सोळा मुलं मान्य झाली म्हणजे प्रश्न संपला नाही. ज्यांचा जन्म त्या मुलांच्या आधीचा किंवा नंतरचा, ज्यांची लक्षणं सौम्य, त्यांचं काय? विष पोटात असताना गेलं हे वीस वर्षांनी दाखवायचं कसं? पारा शरीरात टिकत नाही, साधारण सत्तर दिवसांत अर्धा होतो. केस कापले जातात, रक्त बदलतं. त्या मुलांच्या गर्भातल्या महिन्यांचा एकही साक्षीदार उरला नव्हता.

कपाटातल्या पेट्या सोडून.

हारादांनी घरोघर जाऊन त्या मागितल्या. कल्पना करा, आईने कपाटाच्या तळातून पेटी काढायची, उघडायची आणि वाटाण्याएवढा, काळा पडलेला, वाळलेला तुकडा परक्या माणसाच्या हातात द्यायचा. परत मिळेलच असं नाही. बायकांनी दिले. प्रत्येक पेटीवर तारीख होती, म्हणून एकेक वर्ष मांडता आलं. नाळेतला मिथिल पारा त्या त्या वर्षीच्या अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या उत्पादनाबरोबर चढत गेलेला दिसला. संशोधक निशिगाकी आणि हारादा यांनी हे १९७५ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. कारखान्याची वही आणि आयांच्या पेट्या एकमेकींशी जुळल्या.

आमच्या माडांखाली यातलं काही उरलं नसतं. आमची रीत मला प्रिय आहे, पण ती साक्ष ठेवत नाही.

उरलेला इतिहास भरभर सांगते. १९६५ मध्ये नीगाताच्या आगानो नदीकाठी दुसऱ्या एका कंपनीच्या कारखान्याने तेच केल्याचं उघड झालं. तिथे केसांत दर दहा लाखांत ५० हून जास्त पारा असलेल्या बायकांना दिवस जाऊ देऊ नका असं सांगितलं गेलं, आणि जन्मजात रुग्ण एकच नोंदला गेला. आकडा छोटा आहे, पण त्यामागे किती बायकांनी काय सोसलं ते आकड्यात नाही. चिस्सोने मे १९६८ मध्ये ते उत्पादन बंद केलं, आणि चार महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं. नोव्हेंबर १९७० मध्ये रुग्णांनी एकेक शेअर विकत घेऊन ओसाकातली कंपनीची सभा गाठली, यात्रेकरूंचे पांढरे कपडे घालून, मेलेल्यांच्या नावाच्या पाट्या घेऊन. मार्च १९७३ मध्ये न्यायालयाने १९५९ चा करार रद्द ठरवला. पुढे खाडीच्या तळाचा गाळ उपसून ५८ हेक्टर जागा भरून काढली. त्यावर आज बाग आहे. काठाला रुग्णांनी कोरलेल्या लहान दगडी मूर्ती समुद्राकडे तोंड करून बसल्या आहेत. पाऱ्याच्या वापराला आवर घालणारा जगाचा करार २०१३ मध्ये कुमामोतोत झाला. त्याला गावाचंच नाव आहे, आणि भारताने तो २०१८ मध्ये मंजूर केला.

त्याच करारात पाऱ्याचे थर्मामीटर आणि बीपीची यंत्रं बनवणं थांबवायला २०२० हे वर्ष होतं. मी ते वाचलं आणि मला आमची जुनी प्रसूतिखोली आठवली. थर्मामीटर फुटला की पाऱ्याचे थेंब फरशीवर पळायचे. आयाबाईंची पोरं ते तळहातावर घेऊन खेळायची. आम्ही कागदाने ढकलून ते मोरीत लोटायचो आणि वर पाणी ओतायचो. थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम पारा. बीपीच्या यंत्रात त्याहून कितीतरी जास्त, आणि तेही एकदा माझ्या हातून पडलं. मोरी गटारात, गटार ओहोळात, ओहोळ खाडीत. ते मी केलं. त्या काळी सगळेच करत होते, तरी मी केलं.

आमच्या भाषेत मोरी म्हणजे सांडपाण्याची जागा, आणि मोरी म्हणजे मुशी, शार्क मासा. बाळंतिणीला मोरी द्यायची हा आमच्याकडचा पक्का नियम. "मोरी घाल तिका, दूध येतला," असं आजी म्हणायची, आणि मीही पुढे वॉर्डात डबे घेऊन येणाऱ्या सासवांना मान डोलवत आले. पारा पाण्यातून शेवाळात, शेवाळातून लहान माशात, लहान्यातून मोठ्यात जातो आणि प्रत्येक पायरीवर दाट होतो. जो जितका मोठा, जितका जुना आणि जितका दुसऱ्यांना खाणारा, तितका त्याच्यात जास्त. अमेरिकेच्या खात्यांनी २००४ मध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना जे मासे टाळायला सांगितले त्यांत मोरी आहे, तलवार मासा आहे. आमची किनाऱ्याजवळची पिल्लू मोरी फार मोठी नसते. पण बर्फातून येणारी, तुकडे करून विकली जाणारी मोरी किती मोठ्या माशाची, हे आज मासळी बाजारात बाईला कोण सांगतं?

म्हणून अंगणवाडीत बोलावलं की मी जाते आणि हेच सांगते. मासे सोडू नका, मासे बाळाच्या मेंदूला लागतात. पेडवे खा, बांगडा खा, मुडदुशी खा, छोटं खा. मोठी मोरी नऊ महिने आणि दूध पाजता तोवर नको. सासवा नाराज होतात. एकीने मला विचारलं, म्हणजे आमच्या आज्या चुकल्या? नाही, त्यांचा समुद्र वेगळा होता.

गेल्या वर्षी मला नात झाली. सातव्या दिवशी बेंबीचा तुकडा गळला. सून तो कापसात घेऊन आली आणि विचारलं, परड्यात पुरायचा ना. मी कपाटातून अंगठीची रिकामी डबी काढली, तुकडा त्यात ठेवला आणि एक चिठ्ठी लिहिली. तारीख, आईचं नाव, बाळाचं वजन. मग सुनेला बसवून विचारलं की नऊ महिन्यांत काय काय खाल्लंस, आणि ते खाली लिहिलं. पेडवे, बांगडे, मुडदुशी, कालवं. मोरी एकदा, पाचव्या महिन्यात.